लिहित्या वयातले प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे लेखनाविषयी येणारी पत्रे वाढली आहेत, आणि त्यांतली बहुतेक तेरा ते अठरा या वयातल्या मुलामुलींची किंवा त्यांच्या पालकांची आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. नावे वगळून फक्त जिल्हा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, आठवीत असताना मी एक कादंबरी लिहायला घेतली होती. एक उडते बेट, तिथली हरवलेली राजकन्या आणि तिला शोधणारे सात योद्धे अशी ती गोष्ट आहे. दोनशे पानांच्या तीन वह्या भरल्या. नववीत लिहिणे रेंगाळले आणि दहावीत तर वही उघडलीच नाही. आता अकरावीच्या सुट्टीत ती वाचली तेव्हा मला लाज वाटली. सगळे योद्धे एकसारखे बोलतात आणि पानोपानी कुणीतरी ढसाढसा रडते. मला काहीतरी नवे लिहायचे आहे, पण जुने पूर्ण न करता नवे घेतले तर मला अर्धवट सोडायचीच सवय लागेल, अशी भीती वाटते. शिवाय घरात शांतता नसते. आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, तरी पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला की उठून, कपडे करून ओट्यावर बसतात, आणि मग सगळे घर जागे होते. मी काय करावे? (इयत्ता अकरावी, सातारा जिल्हा)

उत्तर : कादंबरी पूर्ण करू नकोस, नवे लिहायला घे. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुझ्या पत्रात ते जवळजवळ आलेलेच आहे आणि तुला बहुधा कुणाचा तरी होकार हवा आहे. त्यामागची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, नाहीतर दोन वर्षांनी आजच्या लेखनाबद्दलही तुला हाच प्रश्न पडेल.

वाचनाची आवड असलेल्या मुलीच्या आयुष्यात तेरा ते सोळा ही तीन वर्षे फार मोठी असतात. या काळात तू जे वाचलेस, जे कानावर पडले, ज्या मैत्रिणींशी भांडलीस आणि पुन्हा बोललीस, त्या सगळ्यातून तुझी समज वाढली. सगळे योद्धे एकसारखे बोलतात, हे तुझे निरीक्षण एखाद्या जाणत्या संपादकाने समासात लिहावे असे आहे, आणि आठवीत असताना तुला ते सुचणे शक्य नव्हते. लिहिणाऱ्या हाताच्या पुढे वाचणारी नजर गेली की जुने लेखन वाचताना संकोच वाटतो. तो वाटणे हे प्रगतीचेच चिन्ह आहे, आणि त्या संकोचापायी वह्या फाडून टाकण्याइतके वाईट दुसरे काही नाही.

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी तू वाचली असशील. तिच्या परिस्थितीशी आपल्यापैकी कुणीही स्वतःची तुलना करू नये. मला फक्त तिची काम करण्याची पद्धत तुला दाखवायची आहे. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, तिला डायरी मिळाली. जानेवारी १९४४ मध्ये तिने जुनी पाने चाळली, तेव्हा आपण आईविषयी इतक्या रागाने लिहिले होते हे पाहून तिला धक्का बसला, आणि तो धक्काही तिने डायरीतच नोंदवून ठेवला. जुनी पाने मात्र तशीच राहू दिली. मार्चच्या अखेरीस लंडनहून होणाऱ्या डच नभोवाणीवर एका मंत्र्याने सांगितले की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रे गोळा केली जातील. त्यानंतर मे महिन्यात तिने सुट्या कागदांवर आपली डायरी नव्याने लिहायला घेतली. काही नोंदी गाळल्या, काही एकत्र केल्या, आणि आधी ज्या अनेक काल्पनिक मैत्रिणींना उद्देशून ती लिहीत असे त्यांच्या जागी एकटी किटी ठेवली. याच काळात एका निराळ्या वहीत तिच्या छोट्या गोष्टी उतरवून ठेवलेल्या होत्या आणि एका कादंबरीची सुरुवातही झाली होती, जी पुढे पूर्ण झाली नाही. म्हणजे जुन्याचे पुनर्लेखन, छोट्या गोष्टी आणि अपुरी कादंबरी असे तिन्ही प्रकार पंधरा वर्षांच्या त्या मुलीजवळ एकाच वेळी होते, आणि त्या अपुऱ्या कादंबरीमुळे बाकीच्या कामाला काही बाधा आली नाही.

तिचे पुनर्लेखन साधले याचे एक कारण असे की मूळ मजकूर तिने स्वतः पाहिलेल्या, सोसलेल्या गोष्टींचा होता. तुझे उडते बेट त्या वेळी वाचलेल्या आणि पडद्यावर पाहिलेल्या गोष्टींतून आले असणार. त्यात गैर काहीच नाही, आपण सगळेच तसे शिकतो. पण तो मजकूर कितीही दुरुस्त केला तरी अकरावीतल्या तुझा होणार नाही. आता तुझ्या पत्रातले आजोबांविषयीचे वाक्य पुन्हा वाच. घरात शांतता नाही ही तक्रार करण्यासाठी तू ते सहज लिहिलेस, पण माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत जिवंत आहे. निवृत्त झालेला माणूस भोंगा झाला की कपडे करून ओट्यावर का बसतो? त्या वेळी रस्त्याने पाळीला जाणारे कामगार त्यांना हाक मारतात का? गळिताचा हंगाम संपल्यावर भोंगा होत नसेल, तर मग त्यांना कशाने जाग येते? आजी यावर काय म्हणते आणि काय म्हणायचे टाळते? या प्रश्नांची उत्तरे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही देता येणार नाहीत, आणि म्हणून तुझे नवे लेखन इथून सुरू व्हावे असे मला मनापासून वाटते. त्यात राजकन्या यायलाच नको असे मी म्हणत नाही. अद्भुताची आवड असेल तर एखाद्या पहाटे भोंगा झाला आणि गावात आजोबांखेरीज तो कुणालाच ऐकू आला नाही, अशीही गोष्ट होऊ शकते.

आता अर्धवट सोडण्याच्या सवयीबद्दल. तुझी भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे, पण तो सहाशे पाने पूर्ण करण्याचा नाही. पूर्ण करण्याची सवय आखूड लेखनाने लागते. आपल्याकडे नाट्यछटा नावाचा एक सुंदर प्रकार आहे. पुण्यात शिक्षक असलेल्या दिवाकरांनी १९११ पासून तो लिहिला आणि मराठीत रुजवला. एकच माणूस बोलतो, समोरचा गप्प असतो किंवा त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, आणि एक-दोन पानांत त्या बोलणाऱ्याचा सगळा स्वभाव उघडा पडतो. तुझे सात योद्धे एकसारखे बोलत होते ना? मग याच प्रकाराने सुरुवात कर. आजोबा एका पानात बोलतील, आजी दुसऱ्या पानात बोलेल, आणि नावे झाकली तरी कोण बोलते आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, एवढीच अट ठेव. तीन आठवड्यांत एक नाट्यछटा लिहून झाली पाहिजे. लिहिल्यावर ती मोठ्याने वाच, कारण जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य बहुधा कृत्रिम झालेले असते. मग ती पंधरा दिवस बाजूला ठेव आणि पूर्ण पान हाताने पुन्हा लिहून काढ. पुन्हा लिहिताना हात आपोआप नको ते गाळतो. अशी चार-पाच पाने झाली की त्यांतले कुठले पान मोठे होऊ पाहते आहे हे तुझे तुलाच कळेल.

जुन्या वह्यांवर महिना आणि वर्ष घाल आणि त्या कपाटात ठेवून दे. ठेवण्यापूर्वी त्यांतले जे अजूनही आवडते ते एका कागदावर उतरवून घे. एखादे नाव असेल, एखादा प्रसंग असेल. तेवढे तुझ्याबरोबर पुढे येऊ दे. आणि शांततेचे म्हणशील तर भोंग्यानंतर घर जागे होतेच आहे. आजोबांच्या शेजारी ओट्यावर वही घेऊन बसता येते का ते पाहा.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी एक कथा दिली. तीत अवकाळी पाऊस येतो तेव्हा आई मुलाला म्हणते, "पाणी येऊन राह्यलं, तुरीवर ताडपत्री टाक." सरांनी त्याखाली लाल रेघ मारून "पाऊस येत आहे" असे केले आणि सगळे संवाद शुद्ध करून आण म्हणून सांगितले. सर चांगले आहेत, त्यांच्यामुळेच मी लिहायला लागलो. पण आमच्या घरी कुणी तसे बोलत नाही. आमच्यासारख्या लहान गावातली गोष्ट वाचणार तरी कोण, असेही वाटते. मी संवाद बदलू का? (अमरावती जिल्हा)

उत्तर : संवाद बदलू नकोस, पण सरांशी नीट बोल. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन प्रमाण मराठीत लिहावे लागते आणि तिथे तुझे गुण जाऊ नयेत, ही त्यांची काळजी आहे. उत्तरपत्रिका आणि कथा यांचे नियम वेगळे असतात हे तू त्यांना नम्रपणे सांगू शकतोस, आणि कथेतले निवेदन प्रमाण भाषेत ठेवून फक्त माणसांची बोलणी वऱ्हाडीत ठेवण्याची परवानगी मागू शकतोस. सोबत उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीचे उदाहरण दे. १९६० साली आलेल्या या कादंबरीतली माणसे वऱ्हाडीच बोलतात, आणि मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिचे नाव घेतले जाते. शाळेच्या ग्रंथालयात ती बहुधा असेल. नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात विचार.

ढग भरून आलेले असताना, वर्षाचे पीक अंगणात पडलेले असताना तुझ्या कथेतली आई बोलते आहे. तिच्या बोलण्यातली घाई आणि धास्ती त्या सहा शब्दांत उतरली आहे. दुरुस्त केलेल्या वाक्यात पाऊस आहे, ताडपत्रीही आहे, पण आई उरलेली नाही. लेखकाने जपायचे असते ते हेच, आणि नवव्या इयत्तेत ते तुला साधले आहे याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र बोलीत लिहिण्यालाही शिस्त लागते. एका पानावर 'राह्यलं' आणि दुसऱ्या पानावर 'राहिलं' असे होऊ देऊ नकोस. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शब्दांची यादी कर, कोणता शब्द कसा लिहायचा ते एकदा ठरव आणि मग तसाच लिही. घरातली सगळी माणसे एकच बोली बोलत असली तरी आजीची धाटणी आणि कॉलेजात जाणाऱ्या भावाची धाटणी यांत फरक असतो. तोही कान देऊन टिप.

लहान गावातली गोष्ट कोण वाचणार, या शंकेला मी इतिहासातले एक उदाहरण देते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने, साधारण चौदाव्या वर्षी, मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला. आपल्या लोकांना कशी वागणूक मिळते, धर्माच्या नावाखाली त्यांच्यावर काय लादले जाते, हे तिने समोरच्याला थेट प्रश्न विचारत मांडले. आज पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध अभ्यासला जातो, कारण तिने जे लिहिले ते तिच्या जागी उभे राहिल्याशिवाय कुणाला लिहिता आले नसते. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. खानदेशातल्या शेताघरात रचलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली आणि ती साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. तेव्हा तुरीवर ताडपत्री टाकणाऱ्या मुलाची गोष्ट कोण वाचेल, ही चिंता तू करू नकोस. पावसाच्या त्या अर्ध्या तासात मुलाने काय काय पाहिले, ते अजून थोडे सविस्तर लिही.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे कविता करतो. एका प्रकाशन संस्थेने ठरावीक रक्कम भरल्यास त्याचा संग्रह काढून देण्याची तयारी दाखवली आहे. दहावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पुस्तक हातात आले तर त्याला प्रोत्साहन मिळेल असे मला वाटते. तो स्वतः मात्र फारसा उत्सुक दिसत नाही. आपला सल्ला हवा आहे. (वडील, ठाणे जिल्हा)

उत्तर : मुलगा उत्सुक नाही, हे आपण प्रांजळपणे लिहिलेत, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. चौदाव्या वर्षी मुलांची आवड, भाषा, आदर्श कवी हे सगळे भराभर बदलत असते. आज छापलेली कविता दीड वर्षाने त्याला नकोशी वाटू शकते, आणि वहीतली कविता बाजूला ठेवता येते तशी नातेवाइकांच्या घरोघरी गेलेली पुस्तके परत घेता येत नाहीत. कोवळ्या वयात नाव होणे आणि पुस्तक निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणून गेले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि तिथेच त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली; पण १९१८ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या नावावर संग्रह नव्हता, तो नंतर निघाला. त्यांची कविता त्यामुळे कुठे उणी पडली नाही.

पैसे भरून पुस्तक काढणे बेकायदा नाही, आणि काही संस्था ते काम नेटकेपणाने करतातही. तरी काही गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे कागदावर सही आपल्याला करावी लागेल. कवितांचा हक्क मात्र आपल्या मुलाचा आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे लेखन झाले की हक्क आपोआप लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि वयाची अटही नाही. हा हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. म्हणून कागदात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे काही आहे का, उरलेल्या प्रती कुणाच्या, दुसऱ्या आवृत्तीचे काय, हे वाचल्याशिवाय सही करू नये. वकिलाला एकदा दाखवून घेतले तर उत्तम.

तेच पैसे त्याला वाचायला पुस्तके घेण्यावर खर्च करता येतील. प्रोत्साहनच द्यायचे असेल तर त्याला दोन-तीन कविता निवडायला सांगा आणि एखाद्या मासिकाकडे त्यालाच पाठवू द्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने आंतरजालावर विनामूल्य ठेवले आहेत. ते त्याच्यासोबत बसून चाळा. कुठे काय छापले जाते हे पाहून आपल्या कवितांतली कोणती पाठवावी हे ठरवण्यात त्याचे जे शिक्षण होईल, ते संग्रहाने होणार नाही. कविता परत आली तरी तो खचू नये एवढी काळजी आपण घ्यालच. कुणा अनोळखी संपादकाने आपली ओळ नीट वाचली आणि ती नाकारली, हा अनुभवही लिहित्या मुलाच्या उपयोगाचा असतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिची खोली आवरताना एक वही सापडली. तिच्यात मरण, अंधार, एकटेपणा यांविषयीच्या कविता आहेत. मी घाबरून गेले आहे. तिला विचारले तर वही वाचली हे कळेल. काय करू? (आई, नाशिक जिल्हा)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून प्रथम ठाम सांगते. तिची झोप, जेवण, मैत्रिणी यांत अलीकडे बदल झाला असेल, ती आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, किंवा कवितेत स्वतःला इजा करण्याचा उल्लेख थेट आणि तपशिलाने असेल, तर वही वाचल्याचा संकोच न बाळगता तिच्याशी आजच बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते. आपणही त्या क्रमांकावर बोलू शकता.

असे काही नसेल, मुलगी एरवी हसत-बोलत असेल, तर या कविता या वयाला स्वाभाविक आहेत असे समजायला हरकत नाही. मरण म्हणजे काय, आपण एकटे आहोत का, हे प्रश्न या वयात पहिल्यांदा पडतात आणि वही हीच ते विचारण्याची सर्वांत सुरक्षित जागा असते. आता ती जागा जपायची आहे. वही आवरताना दिसली आणि थोडी वाचली गेली, हे तिला साधेपणाने सांगा आणि पुन्हा तिच्या परवानगीशिवाय उघडणार नाही असा शब्द द्या. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. तरीही हेच करा, कारण लपवलेले पुढे कळले तर ती लिहिणेच थांबवेल किंवा घरच्यांना दाखवण्यापुरती गोड लिहू लागेल. कवितांबद्दल काही बोलायचे झाले तर एखादी ओळ आवडली असल्यास तेवढेच सांगा. "असले काय लिहितेस, काहीतरी आनंदी लिही" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. आणि तिला कुलूप असलेला एक खण द्या.

प्रश्न : मी इंग्रजी माध्यमात शिकले. विचार मराठीत येतो, वाक्य इंग्रजीत होते आणि शेवटी दोन्हीकडे अर्धेमुर्धे राहते. नवीन कथा कोणत्या भाषेत लिहू? (इयत्ता बारावी, पुणे जिल्हा)

उत्तर : तुझ्या कथेतली माणसे ज्या भाषेत भांडतात त्या भाषेत लिही. व्याकरणाच्या चुका होतील, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ते नंतर सुधारता येते. पहिला खर्डा मात्र शब्द अडला म्हणून थांबवू नकोस. मराठी शब्द आठवला नाही तर तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पुढे जा आणि दुसऱ्या खर्ड्यात परत ये. पुष्कळदा असे दिसेल की तो शब्द तिथेच शोभतो, कारण पुण्यातली सतरा वर्षांची मुले तसेच बोलतात. रोज अर्धा तास मराठी मोठ्याने वाचलेस तर काही महिन्यांत वाक्यरचनेचा अडसर पुष्कळ कमी होईल.

प्रश्न : आम्ही चार मित्र अकरावीत आहोत. एक जण विनोदी लिहितो, एक चित्रे काढतो, एकाला भुताखेतांच्या गोष्टी आवडतात आणि मी कविता करतो. आम्हाला हस्तलिखित अंक काढायचा आहे. मोबाइलवर का काढत नाही, असे सगळे विचारतात. सुरुवात कशी करावी? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. मोबाइलबद्दल विचारणाऱ्यांना सांगा की हाताने लिहिलेल्या अंकात जागा मोजकी असते आणि ती पुन्हा वाढवता येत नाही, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावेच लागते. हे ठरवणे म्हणजेच संपादन, आणि लेखकाला ते जितक्या लवकर शिकता येईल तितके बरे. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत. तुम्ही दैनिकाच्या वाटेला जाऊ नका. तीन महिन्यांतून एक अंक पुरे.

आधी संपादक ठरवा आणि दर अंकाला तो बदला. संपादकाचा शब्द त्या अंकापुरता अखेरचा असावा, नाहीतर मैत्रीत वाद होतील आणि अंक मागे पडेल. पाने बत्तीसच्या वर नेऊ नका. लेखन आधी साध्या कागदावर घ्या, संपादकाने आणि आणखी एकाने ते वाचावे, खाणाखुणा कराव्यात, आणि मगच ज्याचे अक्षर चांगले त्याने जाड कागदावर काळ्या शाईने उतरवावे. कागद सुटेच असू द्या. एक पान बिघडले तर तेवढेच पुन्हा लिहिता येते. डावीकडे बोटभर समास सोडा, कारण शिवण तिथे येते आणि तो सोडला नाही तर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. सगळी पाने झाली, चित्रे झाली, क्रमांक पडले की मगच अंक बांधायला द्या. तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेऊन वर प्लॅस्टिकचे आवरण घाला आणि जलरंगांऐवजी न पसरणारी शाई वापरा. प्रत एकच असणार, तेव्हा बांधण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. शेवटी चार पाने कोरी ठेवा आणि वाचणाऱ्यांना त्यांवर अभिप्राय लिहू द्या. अंक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि गावच्या वाचनालयात आठवडा-आठवडा ठेवता येईल का ते विचारा.

एक सूचना लेखनाबद्दल. विनोदी लिहिणाऱ्याने एकदा भुताची गोष्ट लिहावी आणि कवीने एकदा विनोदी लिहून पाहावे, निदान दुसऱ्या अंकात. अकरावीत असताना आपल्याला काय जमते हे इतक्या लवकर ठरवून टाकू नये. अंकाची तारीख मात्र आधीच ठरवून भिंतीवर लावा. चौघांपैकी कुणाचे लेखन त्या तारखेपर्यंत झाले नाही, तर त्याच्यासाठी अंक थांबवू नका. ते पुढच्या अंकात घ्या, आणि त्याच्या वाट्याची पाने रिकामी राहिली तर चित्रकाराला द्या.